टोमॅटोचे पान आणि फळातील साखर

नेदरलँड्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, हेग व रोटरडॅम ही शहरे आणि उत्तर समुद्र ह्यांच्या दरम्यान, वेस्टलंड नावाचा एक सपाट प्रदेश आहे. तेथील लोक त्याला ‘काचेचे शहर’ म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे. दृष्टी पोहोचेल तेथवर काचेची छपरेच छपरे दिसतात. ह्या काचगृहांपैकी एखाद्यात शिरावे, तर बाहेर कडाक्याची थंडी असताही आत हवा उबदार असते, आणि दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या झाडांच्या लांबच लांब ओळी उभ्या असतात. झाडांच्या मुळांशी माती नसते. खनिज लोकरीच्या ठोकळ्यांत ती वाढतात आणि ठिबकणाऱ्या पाण्यातून त्यांना क्षार मिळतात. प्रत्येक झाड उंचावरील तारेला टांगलेल्या दोरीच्या आधाराने चढते. शेंडा तारेशी पोहोचला की दोरी सैल करून झाड थोडे खाली सोडतात. पाने व फळे उतरवून बोडके झालेले खोड खाली आडवे पसरत जाते आणि हंगामाच्या अखेरीस त्याची लांबी दहा मीटरांच्याही पुढे जाते.

ह्या ओळींतून दर आठवड्याला एक कामगार फिरतो. पानांच्या बगलेत फुटलेले कोंब तो खुडतो, आणि प्रत्येक झाडाची खालची दोन-तीन पाने देठाच्या बुडाशी मोडून किंवा चाकूने कापून टाकतो. ही पाने वाळलेली नसतात, किडलेलीही नसतात. पुष्कळदा ती चांगली हिरवीगार असतात. वर्षभरात एका झाडावरून अशी शंभरावर पाने उतरविली जातात.

पान म्हणजे झाडाचा अन्नाचा कारखाना, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. मग धडधाकट कारखाना मोडण्यात शहाणपण ते कोणते? ह्या प्रश्नाला बागाईतदारांकडून फार दिवसांपासून एक उत्तर मिळत आले आहे: खालची पाने सावलीत असतात, ती स्वतः काही मिळवीत नाहीत, उलट वरच्या पानांनी केलेली साखर बसून खातात, ती काढून टाकली की तीच साखर फळांस मिळते. आपल्याकडील परसबागेतही हेच उत्तर ऐकावयास मिळते. ते सरळ आहे आणि व्यवहारी माणसाला चटकन पटते. आपल्या घरातील ऐतखाऊ नातेवाइकांविषयी आपले जे मत असते, तेच पानांनाही लावले की झाले! परंतु वनस्पतीच्या घरातील व्यवहार माणसांच्या घरासारखा चालत नाही. साखर कोठे तयार होते, कोणत्या वाटेने जाते आणि कोणास मिळते, ह्याचा शोध तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातून निघालेले उत्तर ह्या समजुतीच्या बरेचसे विरुद्ध आहे.

साखरेची वाट

टोमॅटोचे पान हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व मुळांकडून आलेले पाणी ह्यांपासून प्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते. दिवसा तयार झालेल्या साखरेचा एक भाग लगेच बाहेर धाडला जातो. उरलेला पिष्ठाच्या रूपाने पानातच साठतो आणि रात्री पुन्हा साखर होऊन मार्गस्थ होतो. प्रवासासाठी टोमॅटो जी साखर वापरतो ती आपल्या ओळखीचीच आहे: उसात असते ती सुक्रोज. फळात पोहोचल्यावर मात्र एंझाइमांच्या क्रियेने तिचे दोन तुकडे होतात. एक द्राक्षशर्करा, दुसरा फलशर्करा. पिकलेल्या टोमॅटोत ह्या दोन शर्करा जवळजवळ सारख्या प्रमाणात आढळतात. शंभर ग्रॅम वजनाच्या फळात चौऱ्याण्णव-पंचाण्णव ग्रॅम तर पाणीच असते. उरलेल्या पाच-सहा ग्रॅम घनद्रव्यापैकी सुमारे निम्मे म्हणजे ही साखर होय. ह्या तीन ग्रॅमांपायी काचगृहातील सारा खटाटोप चाललेला असतो, असे म्हटले तरी चालेल. हिरवे फळ स्वतःही थोडी साखर बनविते, पण ती तुटपुंजी; बाकी सर्व पानांकडून येते.

ती कोणत्या वाटेने येते, हे प्रथम एका सालपट काढलेल्या फांदीने दाखविले. इटलीतील बोलोन्या येथील वैद्य मार्चेल्लो मालपिगी ह्याने सतराव्या शतकात झाडांच्या फांद्यांवरील सालीची कंकणाकृती पट्टी सोलून काढली. आतील लाकडास त्याने धक्का लावला नाही. पाने टवटवीत राहिली, म्हणजे पाणी लाकडातून वर चढतच होते. परंतु काही काळाने जखमेच्या वरच्या बाजूची साल फुगून आली आणि खालची तशीच राहिली. पानांकडून सालीतून खाली येणारे काहीतरी वाटेत अडले होते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार घडातील मण्यांचा आकार वाढविण्यासाठी वेलीच्या खोडाची साल अशीच कंकणाकृती काढतात. तेथे उद्देश एवढाच की, मुळांकडे जाणारी साखर काही दिवस वरच अडावी आणि घडांच्या वाट्यास यावी. मालपिगीचा प्रयोग आणि बागाईतदाराचे गर्डलिंग ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत.

पुढे १८३७ साली थिओडोर हार्टिग ह्या जर्मन वनशास्त्रज्ञास सूक्ष्मदर्शकाखाली सालीच्या आतल्या थरात एकापुढे एक जोडलेल्या लांबट पेशी दिसल्या. त्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रे होती. म्हणून त्यांस चाळण-नलिका हे नाव मिळाले. त्रिनिदाद बेटावर कपाशीच्या झाडांवर काम करणाऱ्या मेसन व मास्केल ह्यांनी १९२८ मध्ये बारकाईने रासायनिक पृथक्करणे करून साखर लाकडातून नव्हे, तर ह्याच थरातून जाते हे निर्विवाद दाखवून दिले.

साखर पुढे ढकलते कोण? वनस्पतीला हृदय नाही. ह्याचे उत्तर एर्न्स्ट म्युंख ह्या आणखी एका जर्मन वनशास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. पानातील नलिकेत साखर भरली गेली की तेथील रस दाट होतो आणि शेजारून पाणी ओढून घेतो; त्यामुळे तेथे दाब वाढतो. फळाशी साखर नलिकेबाहेर काढून घेतली जाते, पाणीही तिच्यामागून निघून जाते आणि तेथे दाब उतरतो. एका टोकाला दाब अधिक, दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून रस वाहतो. शेताच्या पाटात पाणी सोडण्यासारखाच हा प्रकार आहे. वरच्या अंगाला जशी विहीर भरलेली हवी, तसा खालच्या अंगाला वाफ्याचा बांधही फोडलेला हवा. टोमॅटोच्या फळाला मिळणारे बहुतेक पाणीदेखील साखरेबरोबर ह्याच वाटेने येते. (ह्या वाटेने चुना फार थोडा वाहतो. भरपूर खत घातलेल्या झाडाच्या फळांना टोकाशी काळी कूज लागते, तिचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.)

नलिकेतील रस प्रत्यक्ष हाती लागणे मात्र अवघड होते. नलिका टोचली की ती स्वतःची छिद्रे बुजवून घेते. ही अडचण अखेर माव्याने सोडविली. मावा आपली केसाहून बारीक सोंड नेमकी एका चाळण-नलिकेत खुपसतो, आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही. केनेडी व मिटलर ह्या इंग्रज संशोधकांनी १९५३ मध्ये विलोच्या झाडावरील मावा सोंडेपासून अलगद कापून काढला. रुतून राहिलेल्या सोंडेच्या तुकड्यातून रसाचे थेंब कित्येक तास आपोआप झिरपत राहिले. रस दाबाखाली असतो, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता! जो किडा बागाईतदाराचा वैरी, त्याने शास्त्राचे काम केले.

पानाचे तीन वय

म्युंखच्या सिद्धांतातून एक साधी पण महत्त्वाची गोष्ट निघते. झाडाचा प्रत्येक अवयव एक तर साखर भरणारा असतो, नाही तर काढून घेणारा. फळे, मुळे, शेंड्याकडील कोवळा भाग हे घेणारे. पान मात्र ह्या बाबतीत विलक्षण आहे, कारण ते आपल्या आयुष्यात पक्ष बदलते.

शेंड्याजवळ नुकतेच उमललेले पान हिरवे दिसत असले तरी स्वतःच्या वाढीस पुरेल एवढी साखर त्याला करता येत नाही. खालच्या थोराड पानांकडून ती त्याला घ्यावी लागते. तिसरा हिस्सा ते निम्मे वाढ झाल्यावर त्याची आयात थांबू लागते. हा पालट पानाच्या टोकापासून सुरू होऊन देठाकडे सरकतो. मध्यंतरी एकाच पानाचे टोक साखर बाहेर धाडीत असते आणि बूड ती आत घेत असते. पूर्ण वाढलेले पान केवळ देणारे असते. पुढे वर नवी पाने येतात, हे पान सावलीत जाते आणि त्याची कमाई घटत घटत शून्याजवळ येते.

ह्या तिसऱ्या वयातच जुन्या समजुतीची परीक्षा होते. सावलीतले पान कमवीत नाही, हे खरे. मग ते शेजाऱ्यांकडून साखर घेऊ लागते काय? अनेक द्विदल वनस्पतींवर केलेल्या प्रयोगांचे उत्तर आहे: नाही. एकदा पूर्ण वाढलेले पान अंधारात झाकून ठेवले, तरी ते पुन्हा साखर आयात करीत नाही, किंवा करते ती नगण्य. रॉबर्ट टर्जन ह्यांनी १९८४ साली तंबाखूच्या पांढऱ्या, हरितद्रव्यहीन पानांवर केलेले निरीक्षण ह्या संदर्भात मोठे बोलके आहे. हिरव्या झाडाच्या आधाराने वाढणाऱ्या ह्या पानांनी जन्मात कधी साखर केलेली नव्हती. परान्नावर जगण्याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हते. तरीही वाढ पुरी होताच त्यांची आयात बंद पडली. घेण्याचे दार बंद होणे हे पानाच्या कमाईवर अवलंबून नसून त्याच्या वयाशी जोडलेले आहे, आणि ते दार पुन्हा उघडत नाही.

तेव्हा टोमॅटोचे खालचे, सावलीतले पान ऐतखाऊ नव्हे. ते आपल्याच शिल्लक साठ्यावर जगते. तोही सरत आला की पिवळे पडते, आणि पडता पडता आपल्यातील नायट्रोजनासारखी द्रव्ये झाडाला परत करते. असे पान तोडल्याने फळाच्या वाट्यास जादा साखर येत नाही, कारण ते फळाची साखर घेतच नव्हते.

कोणते पान कोणत्या घोसाचे?

सर्व पाने सर्व फळांना साखर देतात, की प्रत्येक घोसाची पाने ठरलेली असतात? डोळ्यांनी पाहून हे कळणे अशक्य होते. १९४० साली अमेरिकेत बर्कली येथे मार्टिन केमेन व सॅम्युएल रूबेन ह्यांनी कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन शोधून काढला, आणि साखरेवर खूण करण्याचे साधन हाती आले. एक पान पारदर्शक पिशवीत घालून त्याला हा कार्बन असलेला वायू द्यावयाचा. त्यापासून झालेली साखर जेथे जेथे जाईल, तेथे तेथे किरणोत्सर्ग मोजून तिचा माग काढावयाचा.

वेल्समधील बँगोर येथे खान व सागर ह्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात टोमॅटोच्या झाडांवर असा माग काढला. वरच्या पानांची साखर मुख्यतः शेंड्याकडे व वरच्या घोसांकडे, खालच्या पानांची मुळांकडे व खालच्या घोसांकडे, अशी साधारण वाटणी त्यांस आढळली. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात तानाका व फुजिता ह्यांनी १९७४ मध्ये ही कल्पना आणखी नेटकी केली: एक घोस आणि त्याच्या लगतची तीन पाने मिळून एक कुटुंब. काचगृहातील टोमॅटोला दोन घोसांमध्ये बहुधा तीनच पाने येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मांडणी किती सोयीची होती ते कळते. एक घोस उतरला, त्याची तीन पाने मोकळी झाली, काढून टाका. आठवड्याला एक घोस, आठवड्याला तीन पाने. डच कामगाराच्या चाकूचा हिशेब ह्याच्याशी तंतोतंत जुळतो.

पण खान व सागर ह्यांनी १९६९ साली दुसरीही एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. झाडावरील काही पाने किंवा घोस काढले की साखरेच्या वाटा बदलतात. ज्या घोसाची पाने गेली त्याला दूरची पाने पुरवठा करू लागतात. कुटुंबाच्या भिंती पक्क्या नव्हत्या तर!

ह्या भिंती कितपत खऱ्या, ह्याचा छडा नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे एप हॉवेलिंक ह्यांनी लावला. त्यांचा प्रयोग, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला, एखाद्या चांगल्या गणितासारखा स्वच्छ आहे. त्यांनी प्रत्येक झाडास दोन खोडे राखली. काही झाडांच्या एका खोडावरील सर्व घोस काढून टाकले आणि दुसऱ्यावरील सर्व ठेवले. इतर झाडांच्या दोन्ही खोडांवरील एकाआड एक घोस काढले. दोन्ही प्रकारांत झाडावरील घोसांची संख्या सारखी राहिली. भेद होता तो अंतराचा. घोस जर खरोखर आपल्या शेजारच्याच पानांवर जगत असता, तर पहिल्या प्रकारच्या झाडांत वांझ खोडाची साखर वाया जावयास हवी होती आणि फळांचा वाटा उतरावयास हवा होता. तसे घडले नाही. एकूण वाढीतील फळांचा हिस्सा दोहींकडे जवळजवळ सारखाच भरला. वांझ खोडाच्या पानांनी केलेली साखर फाट्यापर्यंत खाली उतरून दुसऱ्या खोडावरील फळांपर्यंत पोहोचली होती.

ह्यावरून असे मानतात की, झाडातील साखर ही एका सामाईक हौदासारखी आहे. जवळचे पान जवळच्या घोसास आधी देते हे खरे. परंतु शेवटी कोणाच्या वाट्यास किती यावे, हे अंतरावर ठरत नाही. ते घेणाऱ्याच्या ओढीवर ठरते. भरात आलेल्या फळाची ओढ मोठी, कळीची लहान; कोवळ्या पानाचीही ओढ असतेच. भर हंगामात झाडाच्या एकूण वाढीचा दोन-तृतीयांशाच्या आसपासचा हिस्सा फळेच घेऊन जातात.

वरचे पान, खालचे पान

आता चाकूकडे परत वळता येईल. सामाईक हौद, घेणारे अनेक, आणि पान वयानुसार पक्ष बदलणारे, ह्या तीन गोष्टी मनात ठेवल्या म्हणजे एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. साखरेची वाटणी बदलावयाची असेल, तर खालच्या म्हाताऱ्या पानाला हात लावून उपयोग नाही. तोडावयाचे ते शेंड्याजवळचे, नखाएवढे, कोवळे पान. हौदातून घेणारे तेच आहे.

आणि खरोखर तसा प्रयोग झालाही. वाखेनिंगेन येथील संशोधकांनी दोन घोसांमधील तीन पानांपैकी एक पान अगदी लहान असतानाच खुडून पाहिले. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अपेक्षेप्रमाणे फळांकडे जाणारा हिस्सा वाढला. परंतु उत्पन्न त्या मानाने वाढले नाही. कारण उघड आहे: आज खुडलेले कोवळे पान महिन्याभराने कमावते पान झाले असते. घेणारा एक कमी झाला आणि पुढे देणाराही एक कमी झाला. झाडाची एकूण पाने घटली, प्रकाश जमिनीवर सांडला आणि हौदात येणारी साखरच आटली.

ह्यावर त्यांनी सुचविलेला उपाय जुन्या समजुतीला अगदी उलटा आहे. वरचे एक पान खुडावे आणि त्याची भरपाई म्हणून खालची म्हातारी पाने अधिक काळ झाडावर राहू द्यावी. एकूण पर्णक्षेत्र कायम राहील आणि फळांचा हिस्साही वाढेल. गणिताने मांडलेल्या झाडात हा उपाय फायद्याचा ठरतो. ज्यांना आजवर ऐतखाऊ म्हटले, तीच पाने येथे घर सावरून धरतात!

किती पाने पुरेत, ह्याचाही हिशेब करता येतो. एक चौरस मीटर जमिनीवर जितके चौरस मीटर पान असेल, त्या आकड्यास पर्णक्षेत्र-निर्देशांक म्हणतात. टोमॅटोच्या ओळींतून प्रकाश ज्या प्रमाणात अडतो त्यावरून पाहता, निर्देशांक २ असताना पाने सुमारे ७८ टक्के प्रकाश टिपतात, ३ असताना ९० टक्के आणि ४ असताना ९५ टक्के. म्हणजे चारावरून तीनावर उतरले तर पाचच टक्के प्रकाश गमवावा लागतो; तीनावरून दोनावर उतरले तर बारा टक्के. एक टक्का प्रकाश गेला की जवळजवळ एक टक्का पीक गेले, असा डच बागाईतदारांचा ठोकताळा आहे. चौरस मीटरमागे वर्षाला पन्नास किलोंहून अधिक टोमॅटो काढणाऱ्यास बारा टक्के म्हणजे सहा किलोंची खोट. दाट पर्णभार असलेल्या झाडाची दोन पाने अधिक काढली तर काही बिघडत नाही, पण विरळ झाडाची तीच दोन पाने महागात पडतात. ‘आठवड्याला तीन’ हा नियम पाठ करणाऱ्याच्या हातून चूक होते ती येथे, आणि ती लगेच दिसतही नाही. खोडात साठलेली साखर काही दिवस वेळ भागवून नेते. शिवाय फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. आज जास्तीची पाने काढली, तर हलकी फळे तराजूवर चढतील ती काही आठवड्यांनी, आणि तोवर दोष हवामानाच्या माथी गेलेला असतो.

उलट टोकाची चूकही संभवते. पाने पुष्कळ आणि फळे थोडी राहिली, तर साखरेला गिऱ्हाईक उरत नाही. पाने पिष्ठाने तट्ट भरतात, जाड व ठिसूळ होतात, कडांनी वळतात आणि साखर करण्याचे आपले काम स्वतःच मंद करतात. कार्बन डाय-ऑक्साइड वाढवून दिलेल्या काचगृहात हे विशेष दिसते. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असणारा हा वायू तेथे हजार भागांपर्यंत नेतात. वेस्टलंडच्या काचगृहांना तर रोटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून तो नळाने पुरविण्यास २००५ साली प्रारंभ झाला.

म्हातारे पान खरोखर म्हातारे असते का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. वाखेनिंगेनमध्येच काही टोमॅटोची झाडे उभी न वाढविता आडवी वाढविण्यात आली, जेणेकरून जुन्या-नव्या सर्व पानांना सारखा प्रकाश मिळावा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात असे आढळले की, प्रकाश मिळत राहिला तर पानाची काम करण्याची शक्ती वयाने फारशी घटत नाही. उभ्या झाडात खालचे पान दुबळे होते ते मुख्यत्वे सावलीमुळे. काही काचगृहांत ओळींच्या मधोमध, खालच्या पानांच्या उंचीवर, दिवे टांगतात, ते ह्याच आधारावर.

मग खालची पाने काढावयाची तरी कशासाठी? कारणे आहेत, आणि ती सबळ आहेत. फक्त ती साखरेची नव्हेत. झाड खाली सोडताना ही पाने जमिनीवर लोळून कुजतात. त्यांच्या दाटीत हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि करडी बुरशी शिरते. पिकणारा घोस उघडा असला की तोडणी झपाट्याने होते. पान काढताना देठाचा खुंट मागे ठेवीत नाहीत, कारण बुरशी त्याच वाटेने खोडात उतरते. आणि हे काम सकाळी करतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत जखम सुकते. चाकू योग्यच चालत होता, कारण तेवढे चुकीचे सांगितले जात होते. कारण चुकले की चाकू कोठे थांबवावा हेही कळेनासे होते, म्हणून एवढा ऊहापोह.

शाळेच्या बागेत

आपल्या देशातील प्लॅस्टिक आच्छादनाच्या हरितगृहांतही टोमॅटो दोरीवर चढवितात आणि तेथेही पाने काढतात. प्रकाशाची आपल्याकडे वेस्टलंडसारखी टंचाई नाही. कडक उन्हात फळांवर पानांची सावली उलट हवीच असते, नाही तर फळे उन्हाने भाजतात. तेव्हा तेथील आकडे जसेच्या तसे उचलून येथे लावता येणार नाहीत. मात्र पानाचा स्वभाव सर्वत्र सारखाच, आणि तो तपासण्यासाठी काचगृहाची गरज नाही.

कुंडीतील टोमॅटोचे एक पूर्ण वाढलेले पान काळ्या कागदात गुंडाळून दोन दिवस ठेवावे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते व शेजारचे उघडे पान तोडून, उकळत्या पाण्यात बुडवून, नंतर स्पिरिटमध्ये ठेवून त्यांतील हिरवा रंग काढावा. स्पिरिटचे भांडे कधीही ज्योतीवर धरू नये. ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे, आणि हे काम शिक्षकांच्या देखत करावे. मग दोन्ही पानांवर आयोडीनचे थेंब टाकावेत. उघडे पान पिष्ठामुळे निळेकाळे होईल. झाकलेल्या पानात पिष्ठ आढळणार नाही; शेजाऱ्यांपाशी साखर असूनही त्याने साठा केलेला नाही. एवढ्याने आयात मुळीच झाली नाही असे पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे चिकित्सक विद्यार्थ्याच्या ध्यानात येईलच. आलेली साखर पिष्ठ न होता खर्चूनही गेली असेल. त्यासाठीच कार्बन-१४ लागला.

दुसरा प्रयोग दमाचा आहे. एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली बारा रोपे घेऊन त्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाचे एकही पान काढू नये. दुसऱ्यात पिकू लागलेल्या घोसाच्या खालचीच पाने काढावीत. तिसऱ्यात शेंड्याकडची मोजकी पाने सोडून बाकीची सर्व, फळ धरल्यापासूनच, काढीत जावे. पाणी, खत व जागा सर्वांना सारखी असावी. प्रत्येक झाडाची पिकलेली फळे मोजून, वजन करून, गटवार नोंद ठेवावी. आणि काढलेल्या प्रत्येक पानाची तारीख त्याच वहीत समोरच्या रकान्यात लिहावी, कारण त्या तारखेचा जाब दीड-दोन महिन्यांनंतरच्या वजनाला विचारावयाचा आहे.